विजयाबाईंचा आकडा

विजयाबाई मोहित्यांचे गाल लाल होते आणि कराडात त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. साठीला टेकल्या तरी चेहऱ्यावर काय तेज आहे, असं शेजारणी म्हणायच्या. विजयाबाई म्हणायच्या, उन्हातलं काम आहे, दुसरं काय. गावातल्या बायकांना स्कूटर शिकवायची त्यांची शाळा होती. मोटारी आपल्या आपण चालायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण मंडईतल्या बोळात शिरायला, पोराला क्लासवरून आणायला अजून स्कूटरच लागायची, आणि ती स्वतःलाच चालवावी लागायची. त्यामुळे नदीकाठच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ विजयाबाईंचा आवाज घुमायचा. "ब्रेक दाब. अगं, रडू नंतर, आधी ब्रेक दाब."

त्या वर्षी मात्र गरम पाण्याने आंघोळ केली की त्यांच्या अंगाला खाज सुटायला लागली. मग तळपाय जळायला लागले. डोकं दुखायचं आणि दुखताना कानात भुणभुण व्हायची. नवऱ्याने, दिनकररावांनी, पित्ताचं औषध आणून दिलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सरळ स्वभावाचे गृहस्थ. पुण्याहून लेक केतकी फोनवर ओरडली, तेव्हा कुठे दोघं डॉक्टर नसरीन मुलाणींकडे गेले. या रक्तविकारांच्या डॉक्टर.

रक्ताचे अहवाल बघून डॉक्टरांनी विजयाबाईंच्या गालांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विजयाताई, हे तेज नाही. तुमचं रक्त दाट झालंय."

रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. जितक्या लागतात तितक्या झाल्या की काम थांबवायचं, असा तिथे एक हुकूम असतो. विजयाबाईंच्या मज्जेतल्या एका पेशीत कधीतरी बिघाड झाला होता आणि तिला थांबायचा हुकूम ऐकूच येईनासा झाला होता. तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच बहिऱ्या. त्या तांबड्या पेशी घडवतच सुटल्या होत्या. एकतारी पाक दोनतारी व्हावा तसं रक्त घट्ट होत चाललं होतं. आजार अंगावर धावून येणारा नव्हता. अधूनमधून थोडं रक्त काढून टाकायचं, गोळ्या घ्यायच्या, भरपूर पाणी प्यायचं, की माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो. भीती एकाच गोष्टीची होती. मेंदूत गेलेलं रक्त कवटीखालच्या मोठ्या शिरांमधून परत येतं. दाट रक्ताची गुठळी नेमकी तिथे बसली, तर रक्ताची वाट अडते, आत दाब वाढतो, आणि मग झटका, अंधत्व, काहीही होऊ शकतं.

"पूर्वी गुठळी झाल्यावरच कळायचं," डॉक्टर म्हणाल्या. "आता आधी कळतं." त्यांनी बटणाएवढी एक चकती टेबलावर ठेवली. तिचं नाव चाहूल.

चकती कानामागे चिकटवायची. ती कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायची आणि शिरांमधल्या रक्तावरून परतणाऱ्या आवाजावरून रक्त किती वेगाने वाहतंय ते ओळखायची. रक्ताच्या दाटपणाचा अंदाज ती बारीक प्रकाशाने घ्यायची. हजारो रोग्यांच्या नोंदींवर शिकून तयार झालेला एक कार्यक्रम या सगळ्याचा मिळून एकच आकडा काढायचा. येत्या काही तासांत गुठळी होण्याची शक्यता किती, ते तो आकडा सांगायचा. तिशीच्या आत असला की निवांत. पन्नास ओलांडले की चकती कानामागे थरथरायची. साठच्या वर गेला की ती ठणाणा वाजायची. मग सोबतच्या पेनमधलं इंजेक्शन ताबडतोब मांडीत घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

आकडा घरच्यांच्या फोनवरही दिसावा आणि पन्नास ओलांडले की तो फोन वाजावा, अशी सोय होती. दिनकरराव, केतकी आणि केतकीचा नवरा निनाद अशी तीन नावं त्यात घातली गेली. इंजेक्शन कसं द्यायचं ते तिघांनाही शिकवलं. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, "पाणी पीत राहा. एका जागी फार वेळ बसू नका. आणि ताण घेऊ नका."

पहिले काही आठवडे छान गेले. आकडा विशीत असायचा. विजयाबाई तो शिकाऊ बायकांना कौतुकाने दाखवायच्या.

मग भाद्रपदात एक भांडण झालं. हरतालिकेचा दिवस होता. मैदानावर आता जाऊ नये, शाळा बंद करावी, असं दिनकररावांनी दुपारी सुचवलं आणि विजयाबाई उसळल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याने कधी शाळेच्या फाटकाला रंग लावला नाही आणि आता कुलूप लावायला निघाला, असं बरंच काही त्या बोलल्या. बोलता बोलता कानामागे थरथर झाली. तिकडे पुण्यात दोन फोन वाजले, इकडे दिनकररावांच्या खिशातला एक. दिनकरराव पांढरेफटक पडले. त्यांनी बायकोला झोपवलं, पाणी पाजलं, पंखा लावला. आकडा उतरला. पण त्या दिवसापासून घरात एक गोष्ट सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकली. विजयाबाईंना त्रास होईल असं काही त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

हळूहळू घराला मखमलीचं अस्तर लागलं. विजयाबाई काही म्हणाल्या की दिनकरराव "बरोबर आहे तुझं" म्हणायचे. आमटी खारट झाली तरी दोनदा वाढून घ्यायचे. केतकी फोनवर आधी आकड्याचं बोलायची, मग आई कशी आहे ते विचारायची. जावयाचं विचारलं की म्हणायची, "मजेत आहे, कामात आहे." दिवाळीला तो परदेशी गेल्याचं कळलं. संक्रांतीलाही तो परदेशीच होता. बातम्या लागल्या की दिनकरराव वाहिनी बदलायचे. मैदानावरच्या बायकाही बदलल्या. एक जण स्कूटर थेट कठड्यावर घालून आली आणि गुडघ्यातून रक्त येत असताना हसत म्हणाली, "काही नाही झालं बाई, तुम्ही शांत राहा." तिला कोणी सांगून ठेवलं होतं, ते विजयाबाईंनी बरोबर ओळखलं.

"मी काय काचेचं भांडं आहे?" त्यांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"बरोबर आहे तुझं," दिनकरराव म्हणाले.

विजयाबाई ताटावरून उठल्या. आपल्याशी कोणी भांडत नाही, म्हणजे आपल्याला कोणी काही सांगत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. बरं, चिडावं तर सगळे खिशातले फोन चाचपणार. म्हणून त्या चिडायच्याही नाहीत.

वैशाखात केतकीचा वाढदिवस होता. विजयाबाईंनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, डब्यात भरल्या, आणि बहिणीकडे साताऱ्याला जाते असं नवऱ्याला सांगून पुण्याच्या बसमध्ये बसल्या. लेकीला न कळवता जायचं, तिचा संसार डोळ्यांनी बघून यायचं, एवढंच मनात होतं. आपला आकडा घरच्यांना दिसणार नाही अशी फोनमध्ये एक खूण होती, तीही त्यांनी करून टाकली. फक्त साठच्या वरची धोक्याची सूचना बंद करता येत नव्हती. ती राहिली.

प्रवासात पाणी प्यायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. बस थांबते तिथली स्वच्छतागृहं कशी असतात ते बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. बाटली पिशवीत तशीच राहिली. खंबाटकी घाट गेला आणि शिरवळच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. गाड्या स्वतः चालायला शिकल्या तरी रस्त्याचं काम काही संपलं नव्हतं. बसमधली थंड हवाही बंद पडली. डबा मांडीवर घेऊन, पाय अवघडून, विजयाबाई घामाघूम बसून राहिल्या. कधीतरी कानामागे थरथर झाली. त्यांना वाटलं, नवऱ्याशी खोटं बोलून आलोय, मनात चोरी आहे, म्हणून वाढला असेल. पोचल्यावर लेकीला बघितलं की उतरेल. त्यांनी पदराने घाम पुसला आणि डोळे मिटून घेतले.

कोथरूडच्या त्या इमारतीचे जिने चढताना डोकं ठणकत होतं. दार निनादने उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरातला जुना सदरा. परदेशी गेलेला माणूस असा घरच्या कपड्यांत समोर बघून विजयाबाई क्षणभर गोंधळल्या.

"आई, तुम्ही? या ना. बसा."

घर नीटनेटकं होतं, पण अर्धं होतं. केतकीचं लिहायचं टेबल नव्हतं. तिच्या कुंड्या नव्हत्या. भिंतीवर चित्रांच्या जागी खिळे दिसत होते.

"केतकी कुठंय?"

निनाद समोरच्या स्टुलावर बसला. "आई, ती इथं राहत नाही. गणपतीच्या आसपास आम्ही वेगळे झालो. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता दारात आलाय तर मी खोटं नाही बोलणार."

विजयाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचा चेहरा एकाचे दोन दिसायला लागला. तेवढ्यात कानामागची चकती वाजायला लागली, आणि त्याच सुरात स्वयंपाकघरातला निनादचा फोनही वाजायला लागला.

तशाही अवस्थेत त्यांना ते उमगलं. याने आपलं नाव काढून टाकलेलं नाही.

"पेन कुठंय?" निनाद त्यांच्या पिशवीत हात घालत होता. पोळ्यांचा डबा, रुमाल, भरलेली पाण्याची बाटली, आणि तळाशी पेन. "आई, मी देतोय हां. जरा चावेल." साडीवरूनच त्याने सुई मांडीत दाबली आणि शिकवल्याप्रमाणे धरून ठेवली. मग त्यांना बाटलीतलं पाणी पाजलं आणि एकीकडे रुग्णवाहिका बोलावली. खाली नेताना तो सारखं म्हणत होता, "मी सांगायला नको होतं. मी गप्प बसायला हवं होतं."

विजयाबाईंना म्हणायचं होतं की नाही रे बाळा. पण जीभ जड झाली होती.

दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, दंडातून थोडं रक्त काढलं, मेंदूचे फोटो घेतले. शिरा मोकळ्या होत्या. गुठळी व्हायला लागण्याच्या आतच औषध पोचलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाहेरच्या बाकावर केतकीने तोंड ओंजळीत लपवलं. निनाद तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने तिला पाणी आणून दिलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

केतकी आत आली तेव्हा पलंगाशेजारच्या पडद्यावर चकतीचा आकडा हिरव्या अक्षरांत अठ्ठावन्न दिसत होता. ती आईच्या पायाशी टेकली आणि पडद्याकडेच बघत राहिली.

"सांग," विजयाबाई म्हणाल्या.

"नंतर सांगते. तू आधी बरी हो."

"केतकी, आठ महिने मी बरीच आहे. कोणी काही सांगत नाही म्हणून आजारी पडल्यासारखं वाटतंय. सांग."

"काही झालं नाही आई. म्हणजे मारहाण नाही, दुसरी बाई नाही. आम्ही दोघं एका घरात गप्प राहायला लागलो होतो. महिनाभर कोणीच कोणाला काही..." तिने पडद्याकडे बघितलं आणि ती थांबली.

"तिकडे बघू नको. माझ्याकडे बघ."

"हरतालिकेच्या दुपारी तुला फोन करून सांगणार होते. घेतलाही होता फोन हातात. तेवढ्यात तुझा आकडा वाजला. मग धीरच झाला नाही. बाबांना सांगितलं. सामान हलवायला बाबाच आले होते, पेन्शनच्या कामाला म्हणून."

"पेन्शनचं काम तीन दिवस चालतं होय, असं मला तेव्हाच वाटलं होतं."

केतकीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. एकटीने घर शोधताना घरमालक काय काय विचारायचे ते तिने सांगितलं. आजारी पडली होती, तापात आईची आठवण आली आणि फोनवर मात्र "मजेत आहे" म्हणाली, तेही सांगितलं. निनाद वाईट नाही, आणि तरीही परत जायचं नाही, हे तिने आईच्या डोळ्यांत बघून सांगितलं. विजयाबाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी लेकीचं डोकं कुशीत घेतलं आणि किती वेळ नुसत्या थोपटत राहिल्या. पडद्याकडे दोघींपैकी कोणीच बघितलं नाही.

दिनकरराव संध्याकाळी पोचले, तेव्हा कराडहून डॉक्टर मुलाणींचा फोन पडद्यावर लावला होता. निनादला केतकीनेच आत बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"डॉक्टर, माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "एकदम सांगितलं मी."

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चकतीची दिवसभराची रेघ पडद्यावर आणली. "ही बघा विजयाताईंची सकाळ. सगळं ठीक. इथून रेघ चढायला लागली. तेव्हा बस कुठं होती?"

"शिरवळ," विजयाबाई म्हणाल्या. "उकडून जीव जात होता."

"पाणी?"

विजयाबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"इथे पन्नास ओलांडले. पुण्यात उतरायच्या कितीतरी आधी. जिना चढताना आकडा साठला पोचला होता. म्हणजे निनादनी तोंड उघडायच्या आधी. एकदा वर जाऊन लगेच खाली येतोय का, याची चकती खात्री करून घेते आणि मगच वाजते. म्हणून ते दोन्ही एकदम घडल्यासारखं वाटलं." मग डॉक्टरांनी रेघ पुढे सरकवली. "आणि हे दुपारचं. इथे तुम्ही काय करत होता?"

केतकी पुढे झाली. "मी आईला सगळं सांगत होते. रडत होतो आम्ही दोघी."

रेघ तिथे उतरत होती. एकसारखी, घसरगुंडीसारखी. सगळ्यात मोठं रडणं जिथे झालं असेल तिथे आकडा चाळिशीच्या खाली आला होता.

निनाद भिंतीपासून सरकून पडद्याजवळ आला.

"चकती मनातलं ऐकत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "तिला फक्त रक्त ऐकू येतं. पाणी कमी पडलं, एका जागी बसून राहिलात, ताप आला, तर रक्त दाटतं. दुःखाने ते असं तासाभरात दाटत नाही. ताण घेऊ नका म्हणाले होते मी, कबूल आहे. ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो."

"मग ते भांडण?" दिनकररावांनी विचारलं. "भाद्रपदातलं? तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत चढला होता."

डॉक्टरांनी जुनी रेघ काढली. "त्या दिवशीही ती सकाळपासूनच चढतेय. भांडण कधी झालं?"

"दुपारी."

"विजयाताई, त्या दिवशी पाणी प्यायला होतात का?"

विजयाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग पांघरुणाकडे. "हरतालिका होती. निर्जळी उपवास करते मी. तुम्ही रागावाल म्हणून बोलले नव्हते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दिनकरराव खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की हसावं का रडावं तेच त्यांना ठरवता येईना.

"म्हणजे आठ महिने मी ती आमटी उगाच खाल्ली," ते म्हणाले.

पहिल्यांदा केतकी हसली. मग निनादही, तोंड फिरवून. विजयाबाईंच्या छातीवरचं ओझं कोणी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना हलकं वाटलं. निनाद निघाला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "तू खोटं बोलला नाहीस आणि तुझा हातही चुकला नाही. पोळ्यांचा डबा तुझ्याकडेच राहिलाय. खा त्या. आणि फोनमधलं माझं नाव ठेवायचं की काढायचं, ते तू बघ. ठेवलंस तर मला बरं वाटेल."

"ठेवतो," निनाद म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला. केतकीने त्याला जिन्यापर्यंत सोडलं. त्यांचं काय बोलणं झालं ते विजयाबाईंनी विचारलं नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातून सुटून त्या केतकीच्या नव्या घरी गेल्या. वारज्यातली दोन खोल्यांची भाड्याची जागा. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची. पडदे पिवळेजर्द होते. विजयाबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या अर्धा संपवला आणि घरभर फिरून आल्या.

"मला नाही आवडलं हे घर," त्या म्हणाल्या. "अंधारं आहे. तू कराडला चल. वरची खोली रिकामीच आहे."

दिनकररावांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला.

केतकीने आईकडे बघितलं. तिच्या ओठांवर ते नेहमीचं "बरं, बघू" आलं होतं. ते तिने गिळलं.

"मी नाही येणार आई. मला आवडलंय. पडदे मी निवडलेत."

"पडदे तर फारच वाईट आहेत."

"असू देत. माझे आहेत."

"आणि ओट्यावर हा पसारा..."

"आई, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नको. बस तिथे. चहा मी करते."

विजयाबाई खुर्चीत टेकल्या. कितीतरी महिन्यांनी लेकीने त्यांचं म्हणणं खोडून काढलं होतं, आणि तेही तोंडावर. त्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून हसत होते.

"साखर कमी घाल," विजयाबाईंनी आतल्या बाजूला आवाज दिला.

"मला जेवढी लागते तेवढीच घालणार," आतून उत्तर आलं.